बंद पडलेल्या व्यापारी जागेचा सार्वजनिक वापर: माती, भूजल आणि इमारतीची तपासणी

मूळ धागा

आमच्या वस्तीलगत एक व्यापारी इमारत कित्येक वर्षे बंद पडून आहे. पुढच्या बाजूला गाळे, मागे मोकळे आवार आणि आवाराच्या टोकाला पत्र्याची एक शेड, असे तिचे साधारण स्वरूप आहे. ही जागा ताब्यात घेऊन गाळ्यांत वाचनालय आणि लहान मुलांसाठी खेळघर, तर मागच्या आवारात सामायिक भाजीबाग करावी, असा प्रस्ताव रहिवाशांच्या समितीपुढे आला आहे. मला स्वतःला तो मनापासून पटलेला आहे. माती आणि भूजलाचे नमुने घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे पर्यावरणीय तपासणीची बाजू समितीने माझ्याकडे सोपवली आहे. त्या निमित्ताने जे विचारात घ्यावे लागते ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण अशी जागा हाती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक गटासमोर थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की जमिनीत काय शोधायचे हे त्या जागेवर पूर्वी काय चालत होते यावर अवलंबून असते, आणि ते समजून न घेता केलेली तपासणी कितीही महागडी असली तरी आंधळी असते. प्रयोगशाळा आपण सांगू तेवढेच मोजते. शिशाची चाचणी सांगितली तर शिसे मोजले जाईल. त्याच मातीत ड्रायक्लीनिंगचे द्रावक (डाग विरघळवणारे रसायन) मुरलेले असेल, तर त्याबद्दल अहवालात एक अक्षरही येणार नाही.

म्हणूनच या कामाचे टप्पे पाडलेले असतात. पहिल्या टप्प्यात एकही नमुना घेतला जात नाही. जुनी कागदपत्रे वाचायची, जागा पायी फिरून पाहायची, जाणत्या लोकांशी बोलायचे आणि संशयाच्या जागा निश्चित करायच्या, एवढेच त्यात असते. अमेरिकेत यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ई१५२७ हे मानक वापरले जाते आणि त्याची सध्याची आवृत्ती २०२१ सालची आहे. त्यात जागेचा इतिहास तिच्या पहिल्या विकसित वापरापर्यंत किंवा १९४० सालापर्यंत, यांपैकी जे आधीचे असेल तेथपर्यंत, मागे नेण्याची अपेक्षा असते. हवाई छायाचित्रे, विमा कंपन्यांसाठी काढलेले आगीच्या धोक्याचे नकाशे, व्यवसायांच्या जुन्या सूच्या, बांधकाम परवाने ही त्याची साधने. आपण कोणत्याही देशात असलो आणि तेथील कायदा काहीही म्हणत असला, तरी या क्रमामागचा विचार सर्वत्र लागू पडतो. दुसऱ्या टप्प्यात संशयाच्या जागी नमुने घेतले जातात आणि तिसऱ्यात आवश्यक असल्यास शुद्धीकरण होते.

इतिहास दुर्लक्षिल्याचे सर्वांत ठळक उदाहरण लव्ह कॅनॉलचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ साली ती जमीन नाममात्र किमतीत शाळा मंडळाला देण्यात आली. खरेदीखतात रसायने पुरल्याचा उल्लेख होता. तरीही तेथे शाळा उभी राहिली, शेजारी घरे झाली, आणि १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. माहिती कागदावर होती, हे मला त्या प्रकरणात सर्वाधिक अस्वस्थ करते. या घटनेनंतरच १९८० साली अमेरिकेत दूषित जागांच्या शुद्धीकरणाचा 'सुपरफंड' कायदा झाला.

आता आमच्या जागेकडे येते. मागच्या आठवड्यात मी आवारात दोन तास फिरले. शेडच्या मागच्या भिंतीला लागून जमिनीतून वर आलेली दोन बोटे जाडीची एक लोखंडी नळी दिसली. ती भिंतीच्या रंगातच रंगवलेली आहे आणि छपराच्या वर जाऊन तिचे तोंड खाली वळवलेले आहे. पावसाचे पाणी नेणारी नळी अशी नसते. जमिनीखालच्या इंधनाच्या टाकीतील वाफ बाहेर सोडणारी नळी मात्र नेमकी अशीच असते. तिच्यापासून दहा पावलांवर आवाराच्या जुन्या, काळवंडलेल्या काँक्रीटमध्ये एक चौकोन फिकट रंगाचा आहे. त्याच्या कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ आहेत. पुढच्या एका गाळ्यात फरशीच्या मधोमध मोरीसारखे जाळीचे तोंड आहे, पण ते कोणत्या वाहिनीला जोडलेले आहे हे एकाही नकाशात दाखवलेले नाही. त्या गाळ्यात पूर्वी ड्रायक्लीनिंगचा व्यवसाय होता, असे शेजारचे लोक सांगतात.

या तीन गोष्टी मिळून तपासणीची निम्मी दिशा ठरते. आपल्यापैकी कोणी अशा जागेवर काम केले असेल, तर अनुभव जरूर लिहावा.

प्रतिसाद १ (समितीतील सदस्य)

मांडणी आवडली, परंतु एक शंका आहे. जागेच्या मालकांनी आपल्याला मातीचा चाचणी अहवाल आधीच दिलेला आहे. त्यात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसह आठ धातू तपासलेले असून सर्व मर्यादेच्या आत आहेत. अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आहे. तो असताना पुन्हा सगळे करण्याची गरज आहे का? लोक आधीच विचारू लागले आहेत की काम सुरू कधी होणार.

धागाकर्ती

प्रश्न रास्त आहे. मी तो अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला, तेव्हा आधी त्यात काय आहे ते सांगते. आवारातील पाच ठिकाणची वरची पंधरा सेंटिमीटर माती घेऊन ती एकत्र कालवली आणि त्या एका मिश्रणाची चाचणी केली, असे परिशिष्टात नमूद आहे. पाचांपैकी चार ठिकाणी माती स्वच्छ असेल आणि पाचव्या ठिकाणी मर्यादेच्या चौपट शिसे असेल, तर मिश्रणाचा आकडा मर्यादेच्या आत येतो आणि तो एक कोपरा आपल्या नजरेतून कायमचा निसटतो. मिश्र नमुन्यांचा उपयोग आहे, पण जेथे दूषण सारख्या प्रमाणात पसरलेले असण्याची शक्यता असते तेथे. टाकी, मोरी, तेल बदलण्याचा खड्डा अशी ठिकाणे स्वतंत्रपणेच तपासावी लागतात.

दुसरी गोष्ट, धातू आणि द्रावके ही दोन वेगळी कुळे आहेत. इंधनातील बेंझीन किंवा ड्रायक्लीनिंगमधील टेट्राक्लोरोइथिलीन यांसारखे पदार्थ हवेत उडून जातात. त्यांच्यासाठी माती कालवणे तर दूरच, ती उघडीही ठेवायची नसते. जमिनीतून मातीचा दंडगोल, म्हणजे गाभा, वर आला की काही सेकंदांतच ठरावीक वजनाची माती हवाबंद नळीत किंवा मिथेनॉल भरलेल्या कुपीत घालून कुपी बर्फात ठेवावी लागते. नवखी असताना मी एकदा गाभा वर काढून त्याची नोंद लिहीत बसले आणि नमुना नंतर भरला. गाभा काढताना उग्र वास आला होता. प्रयोगशाळेचा आकडा जवळपास शून्य आला. तो बोअर (नमुन्यासाठी जमिनीत पाडलेले छिद्र) पुन्हा घ्यावा लागला आणि दुसऱ्या वेळी, नमुना लगेच भरल्यावर, त्याच खोलीवर स्पष्ट दूषण सापडले. तेव्हापासून 'आढळले नाही' हे शब्द दिसले की नमुना कसा घेतला ते मी आधी वाचते.

आणि खोली. जमिनीखालच्या टाकीचा तळ सहसा दोन ते चार मीटर खाली असतो. तेथून गळलेले इंधन वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये दिसण्याचे काही कारणच नाही.

तेव्हा मालकांचा अहवाल खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो आपला प्रश्न नाही.

प्रतिसाद २ (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे सदस्य)

धाग्यात जमिनीवर भर आहे, म्हणून मी इमारतीबद्दल लिहितो. एएसटीएमच्या ज्या मानकाचा उल्लेख वर आला आहे त्याच्या मूळ कक्षेत ॲस्बेस्टॉस, शिसेयुक्त रंग, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) आणि बुरशी येत नाहीत. ती तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. पहिल्या टप्प्याचा अहवाल 'स्वच्छ' आला म्हणजे इमारतही सुरक्षित आहे, असा समज करून घेऊन भिंती फोडायला सुरुवात केलेले गट मी पाहिले आहेत.

शेडचे पत्रे कशाचे आहेत हे सर्वांत आधी पाहा. राखाडी, नागमोडी सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता धरूनच चालावे. शाबूत पत्रा जागच्या जागी असताना फारसे तंतू सोडत नाही. तो करवतीने कापला, ड्रिलने भोकसला, वरून खाली फेकला किंवा ब्रशने घासून धुतला की तंतू हवेत मिसळतात, आणि तेच फुप्फुसांत जाऊन अडकतात. मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर वीस ते चाळीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी उमटतो, त्यामुळे श्रमदानाच्या दिवशी कोणाला काहीच जाणवणार नाही. पत्रे उतरवायचेच असतील, तर ते प्रशिक्षित माणसांनी ओले करून, अखंड काढून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेले पाहिजेत. नळांभोवतीचे जुने उष्णतारोधक वेष्टण आणि फरशीवर चिकटवलेल्या जुन्या टाइल्स यांतही ॲस्बेस्टॉस असू शकतो. वेष्टण ठिसूळ होऊन भुगा पडत असेल, तर ते पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक असते.

जुन्या रंगाचेही तेच. पोपडे खरवडून काढणे हे दिसायला निरुपद्रवी काम आहे, पण रंगात शिसे असेल तर ती धूळ आधी फरशीवर आणि मग रांगणाऱ्या मुलांच्या हातांवर बसते. खेळघर जर याच गाळ्यांत होणार असेल, तर रंगाची चाचणी खेळण्यांच्या यादीच्या आधी यायला हवी.

आवारात जुना ट्रान्सफॉर्मर किंवा कपॅसिटर असेल, तर त्यातील तेलात पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांत वापरलेले, सहज न विघटणारे विषारी रसायन) आहे का ते तपासून घ्या. अशा टिकाऊ घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानुसार पीसीबी असलेली उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढायची होती आणि त्यांच्या कचऱ्याची योग्य विल्हेवाट २०२८ पर्यंत लावायची आहे. बंद जागांतील उपकरणे अशा मोहिमांतून सहज सुटतात.

प्रतिसाद ३ (भूजल अभ्यासक)

ड्रायक्लीनिंगचा उल्लेख वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या मते या जागेवरील सर्वांत गंभीर शक्यता तीच आहे, टाकीपेक्षाही गंभीर.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. ते गळले की माती भिजवत खाली जाते आणि भूजलाच्या पातळीवर तरंगते. टेट्राक्लोरोइथिलीन पाण्याच्या सुमारे १.६ पट जड आहे. ते भूजलाची पातळी ओलांडून आणखी खाली जाते, चिकणमातीच्या थरावर किंवा खडकाच्या भेगांत साचते आणि तेथून दशकानुदशके थोडे थोडे विरघळत राहते. त्याची सरकण्याची दिशा पाण्याच्या प्रवाहाशी जुळेलच असे नाही. खालच्या थराचा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला ते सरकू शकते. मोरीचे जाळीचे तोंड म्हणूनच महत्त्वाचे आहे. अनेक दुकानांत यंत्रातून वेगळे झालेले द्रावकमिश्रित पाणी सरळ मोरीत सोडले जाई आणि वाहिनीच्या सांध्यांतून ते जमिनीत मुरे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यात या द्रावकाची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एवढ्या काटेकोर मर्यादेपुढे वर्षानुवर्षांची लहानशी गळतीही किती पाणी बिघडवू शकते, हे लक्षात येईल.

काळाबरोबर ते आपोआप नाहीसे होईल, या आशेवर राहू नये. प्राणवायू नसलेल्या भूजलात काही जिवाणू त्यातील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. टेट्राक्लोरोइथिलीनचे ट्रायक्लोरोइथिलीन होते, त्याचे डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड आणि अखेर निरुपद्रवी इथिलीन. परंतु योग्य जिवाणू नसले, तर ही साखळी मध्येच थांबते, आणि व्हिनाइल क्लोराइड हे मूळ द्रावकापेक्षा अधिक घातक, मानवात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. त्यामुळे चाचणीच्या यादीत फक्त मूळ द्रावकाचे नाव न लिहिता त्याची ही सगळी पिलावळ लिहून घ्या.

आणि आता तो मुद्दा, जो सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत सर्वांत जास्त विसरला जातो. तुम्ही तेथले पाणी पिणार नसाल, तरी तेथली हवा घेणारच आहात. मातीतील बाष्प फरशीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून खोलीत शिरते; इमारतीच्या आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी असला की फरशी ते अक्षरशः ओढून घेते. पेट्रोलची बाष्पे वर येताना मातीतील प्राणवायूमुळे बरीचशी नष्ट होतात, द्रावकाची तशी होत नाहीत. म्हणून फरशीला लहान भोक पाडून तिच्याखालील हवेचा नमुना घ्यावा आणि त्याच वेळी खोलीतील व बाहेरील हवेचाही घ्यावा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका प्राथमिक छाननीसाठी असे धरते, की फरशीखालच्या बाष्पाच्या तीन टक्के इतके प्रमाण खोलीत येऊ शकते. एकाच ऋतूतल्या नमुन्यावर समाधान मानू नका, कारण दारे-खिडक्या बंद असण्याच्या दिवसांत आकडे बदलतात.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. रेडॉनसाठी करतात तसा फरशीखाली नळी घालून पंख्याने सतत सौम्य उपसा ठेवायचा आणि ती हवा छपरावर सोडायची. मात्र फरशी बसवण्याआधी त्याची तरतूद केली तर ते काम एका दिवसाचे आहे. खेळघर सुरू झाल्यावर करायचे म्हटले तर सगळे उखडावे लागते.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी (पाण्याची पातळी मोजण्यासाठी आणि नमुने घेण्यासाठीचे अरुंद बोअर) घ्या, आणि त्या एका रेषेत घेऊ नका. तीन बिंदूंच्या त्रिकोणावरूनच प्रवाहाची दिशा काढता येते.

प्रतिसाद ४ (दोन लहान मुलांचे पालक)

आपण सर्व अनुभवी आहात आणि आपले म्हणणे खोडून काढण्याइतके ज्ञान माझ्याजवळ नाही. पण एक गोष्ट मनात सलते ती सांगते. आमची मुले आज त्या आवाराच्या तुटलेल्या कुंपणातून आत जाऊन तेथेच खेळतात. तीन विहिरी, प्रत्येक ऋतूत नमुने, प्रशिक्षित माणसे, हे सगळे होईपर्यंत ती मोठी होतील. जागा पडून राहिली, तर धोका कमी होतो का? मला तर भीती वाटते, की तपासणीच्या नावाखाली ही जागा आणखी दहा वर्षे तशीच पडून राहील आणि लोकांचा उत्साह मावळेल.

धागाकर्ती

ताई, तुमचे म्हणणे या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

पडून राहिलेली दूषित जागा सुरक्षित नसते, हे तुम्ही अगदी बरोबर ओळखले आहे. कुंपण दुरुस्त करणे आणि शेडभोवतीचा भाग बंद करणे यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही. ते याच आठवड्यात व्हायला हवे आणि मी समितीला तसे लिहिले आहे.

उरला वेळेचा प्रश्न. तपासणी म्हणजे 'पूर्ण शुद्ध होईपर्यंत वापर नाही' असा अर्थ नसतो. दूषण, ते माणसापर्यंत पोचण्याची वाट आणि तेथे वावरणारा माणूस, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच धोका उद्भवतो. यांपैकी एक तोडता आली, तरी जागा वापरता येते. कोणता वापर कोठे, हे यावरून ठरवायचे. वाहनतळाखालची माती आणि भाजीच्या वाफ्याची माती यांना एकच मोजपट्टी लावणे चूक आहे. जेथे दूषण आहे तेथे पक्की फरशी आणि सभामंडप, जेथे नाही तेथे बाग, अशी मांडणी आराखडा काढतानाच करता येते, आणि म्हणूनच तपासणी आराखड्याच्या आधी हवी.

जर्मनीत डुइसबुर्ग शहरातील लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. त्याच्या जागी लँडस्केपपार्क डुइसबुर्ग-नोर्ड हे उद्यान उभे राहिले आणि ते १९९४ साली लोकांना खुले झाले. पेटर लाट्स या भूदृश्य वास्तुकारांनी कारखाना पाडून टाकला नाही. खनिजाच्या जुन्या बंकरांत बागा फुलवल्या, भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव सुरू झाला, गॅस साठवण्याची टाकी पाण्याने भरून तेथे पाणबुडे शिकू लागले. काही दूषित माती जागेवरच बंदिस्त केली आणि माणसांचा वावर स्वच्छ भागांकडे वळवला.

दुसरे उदाहरण सिॲटलच्या गॅस वर्क्स पार्कचे आहे. तेथे १९०६ ते १९५६ या काळात आधी कोळशापासून आणि नंतर तेलापासून गॅस बनवला जाई. रिचर्ड हाग यांच्या आराखड्यानुसार १९७५ मध्ये उद्यान खुले झाले. मातीत सेंद्रिय गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंकरवी दूषण कमी करण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि तो त्या काळाच्या फार पुढे होता. तरीही १९८४ साली नव्या तपासण्यांत घातक हायड्रोकार्बन (कोळसा आणि तेलातील संयुगे) आढळल्यावर उद्यान काही महिने बंद ठेवावे लागले. उद्यान आजही आहे, लोक तेथे पतंग उडवतात. पण देखरेख मात्र संपलेली नाही. मी या उदाहरणाकडे अपयश म्हणून पाहत नाही. अशी जागा घेणे म्हणजे तिची कायमची काळजी घेण्याची जबाबदारी पत्करणे होय आणि समितीने ती जाणूनच घ्यावी, एवढेच मला त्यातून सांगायचे आहे.

आपल्या बाबतीत इतिहासाचा टप्पा सहा ते आठ आठवड्यांत संपवता येईल. तोवर पुढच्या बाजूचे जे गाळे ड्रायक्लीनिंगच्या गाळ्यापासून लांब आहेत, त्यांच्या फरशीखालच्या हवेचे नमुने आधी घेऊ. ते चांगले आले, तर वाचनालय आवाराची वाट न पाहता सुरू होऊ शकेल. मुलांना आधी तेथे तरी जागा मिळेल.

प्रतिसाद ५ (भाजीबागेचा प्रस्ताव मांडणारे सदस्य)

बागेबद्दल विचारायचे राहिले. आम्ही जमिनीवर सरळ वाफे करणार होतो. शिसे मर्यादेच्या आत असेल तर हरकत नाही ना?

धागाकर्ती

मर्यादा कोणती, हे पाहावे लागेल. निवासी जागेतील मातीच्या छाननीसाठी अमेरिकेत १९९४ पासून किलोमागे ४०० मिलिग्रॅम शिसे हा आकडा वापरला जात होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० वर आणला गेला. मालकांच्या अहवालात कोणती मर्यादा धरली आहे हे लिहिलेलेच नाही आणि मिश्र नमुन्यातील शिसे किलोमागे १६० मिलिग्रॅम आहे. पाच नमुन्यांच्या मिश्रणात एवढा आकडा असेल, तर एखाद्या ठिकाणी तो कितीतरी जास्त असू शकतो.

शिसे कुजत नाही, विरघळून फारसे खाली जात नाही, ते वरच्या मातीत बसून राहते. टोमॅटो, वांगी अशा फळभाज्यांत ते फार कमी चढते. मुळा-गाजरासारखी कंदमुळे आणि जमिनीलगतच्या पालेभाज्या यांचा धोका अधिक, आणि त्यातही पानांवर उडून बसलेल्या धुळीचा. पण भाजीपेक्षा मोठा धोका वाफ्यांत बसून माती चिवडणाऱ्या लहान मुलाच्या बोटांचा आहे. म्हणून तुमचे वाफे जमिनीपासून उंच करा, तळाशी पाणी झिरपू देणारे कापड अंथरा, माती बाहेरून तपासून आणा आणि वाफ्यांमधल्या वाटांवर खडी किंवा लाकडाचा कीस पसरा, म्हणजे मूळ माती उघडी राहणार नाही. वाफ्यांच्या चौकटीसाठी जुन्या रेल्वेच्या लाकडी पट्ट्या किंवा औषध मारलेले जुने लाकूड कृपया वापरू नका. त्यांत मुरवलेले क्रिओसोट (लाकूड टिकवण्याचे डांबरी तेल) आणि आर्सेनिक आपण स्वतःच्या हाताने बागेत आणू.

प्रतिसाद ६ (समितीतील सदस्य)

आपल्या सूचनेनुसार आम्ही दोघे जण शेडमध्ये पूर्वी काम केलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना भेटून आलो. ते बारा वर्षे तेथे होते. काँक्रीटचा फिकट चौकोन म्हणजे टाकीचीच जागा आहे. ती टाकी रिकामी करून वाळूने भरली आणि वर काँक्रीट ओतले, असे त्यांनी सांगितले. नळीबद्दल विचारल्यावर मात्र ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की ती नळी त्या टाकीची नव्हेच. त्याआधीची एक टाकी शेडच्या आत, सध्याच्या फरशीखाली आहे. ती कोणी काढल्याचे त्यांना आठवत नाही. वापरलेले तेल त्यातच ओतले जाई. त्यांनी स्वतः फरशीवर काठीने रेघ ओढून जागा दाखवली; आम्ही तिचे छायाचित्र घेऊन मापे लिहून ठेवली आहेत.

धागाकर्ती

तुम्ही दोघांनी फार मोलाचे काम केलेत. दोन टाक्या असल्याचे कोणत्याही नकाशात नव्हते आणि मी जागा फिरूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते. नळी आणि चौकोन यांची मी मनात जोडी लावून मोकळी झाले होते. त्या अंदाजावर बोअर घेतले असते, तर शेडच्या आतली फरशी कोणी फोडलीच नसती.

काल जमिनीखालील धातू शोधणारे उपकरण घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो. त्या गृहस्थांनी ओढलेल्या रेघेपासून अर्ध्या मीटरवर, साधारण दोन मीटर लांबीचा स्पष्ट संकेत मिळाला. आता नमुन्यांचा आराखडा बदलला आहे. चार बोअर या टाकीच्या चारही कडांना, तिच्या तळापेक्षा एक मीटर खोल. दोन बोअर फिकट चौकोनाजवळ. दोन ड्रायक्लीनिंगच्या मोरीपाशी आणि तिच्या वाहिनीच्या पहिल्या सांध्याजवळ. आणि एक जागेच्या चढाच्या बाजूला, जेथे हे दूषण पोचलेले नसावे, तुलनेसाठी. वापरलेल्या तेलामुळे चाचणीच्या यादीत धातू, जड हायड्रोकार्बन, क्लोरीनयुक्त द्रावके आणि पीसीबी ही चारही कुळे घातली आहेत, कारण अशा टाकीत कोण काय ओतून गेले असेल हे सांगता येत नाही.

कुंपण दुरुस्त झाले आहे. शेडची किल्ली माझ्याकडे आहे. बोअरचे काम सुरू होण्याच्या दिवशी ज्यांना पाहायला यायचे असेल त्यांनी येथे कळवावे, म्हणजे सुरक्षित अंतरावर उभे राहण्याची जागा आखून ठेवता येईल. प्रयोगशाळेचे आकडे हाती आल्यावर परिशिष्टांसह संपूर्ण अहवाल याच धाग्यावर टाकीन.